जठर लहान झाल्यावर भूक कोठे जाते?

भूक कोठे लागते असे विचारले, तर कोणीही पोटावर हात ठेवील. पोटात कावळे ओरडतात, पोटात आग पडते, पोट पाठीला लागते, अशी आपली भाषाही तेच सांगते. मग एक प्रश्न विचारून पाहू. एखाद्या माणसाच्या जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकला, तर त्याची भूकही तेवढ्याच प्रमाणात कमी होईल काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अतिलठ्ठपणावर उपाय म्हणून अशा शस्त्रक्रिया आज जगभर केल्या जातात. मुंबई-पुण्यातील इस्पितळांतही होतात. त्यानंतर त्या माणसाने काय खावे, कसे खावे आणि त्याच्या भुकेचे काय होते, हे पाहू लागलो की भूक या रोजच्या अनुभवामागील बरेचसे शास्त्र उलगडते.

फुगा गिळणारा विद्यार्थी

१९१२ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन आणि त्यांचे विद्यार्थी वॉशबर्न यांनी एक प्रयोग केला. वॉशबर्न यांनी नळी जोडलेला एक रबरी फुगा गिळला. फुगा जठरात गेल्यावर त्यात हवा भरली. जठराचे स्नायू आकुंचन पावले की फुग्यावर दाब पडे आणि फिरत्या कागदावर रेघ वर चढे. भुकेची कळ जाणवली की वॉशबर्न खूण करीत. दोन्ही नोंदी पडताळल्या, तेव्हा भुकेची कळ आणि जठराचे आकुंचन यांची वेळ जुळत असल्याचे दिसले. रिकामे जठर आवळते म्हणून भूक लागते, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

पण या निष्कर्षाला छेद देणारी गोष्ट त्याआधीच घडून गेली होती. १८९७ साली झुरिच येथे कार्ल श्लाटर या शल्यविशारदाने कर्करोग झालेल्या एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढून टाकले. शस्त्रक्रियेतून ती वाचली आणि पुढे अन्नही खाऊ लागली. जठर नसलेल्या अशा रुग्णांनाही भूक लागते, असे नंतर आढळून आले. जठरच नाही, तर आवळते काय?

उत्तरासाठी मेंदूकडे वळावे लागले. १९५१ साली येल विद्यापीठात भारतीय शास्त्रज्ञ बाळकृष्ण आनंद व जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या मेंदूतील अधोथॅलॅमस या भागाच्या दोन्ही बाजूंचे चिमुकले ठिपके निकामी केले. त्या उंदरांनी समोर अन्न असूनही खाणे सोडले. हेच आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाशास्त्र विभागाचे संस्थापक प्रमुख झाले.

मग मेंदूला पोटातील खबर कळते कशी? काही निरोप मज्जातंतूंमार्फत जातात, तर काही रक्तातून. रक्तातून जाणाऱ्या निरोप्यांना आपण संप्रेरके म्हणतो. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. ते मेदपेशींतून निघते आणि शरीरात मेदाचा साठा किती आहे ते मेंदूला कळविते. १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा व कांगावा यांनी ग्रेलिन शोधले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. जेवणापूर्वी त्याचे रक्तातील प्रमाण चढते, जेवल्यावर उतरते. म्हणजे ग्रेलिन हे जेवणाची घंटा वाजविणारे संप्रेरक होय. याउलट, अन्न लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचले की तेथून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके सुटतात आणि ‘आता पुरे’ असा निरोप देतात.

वजन घटले की घंटा जोरात वाजते

लठ्ठ माणसाला आपण सहज सांगतो, ‘कमी खा, म्हणजे झाले.’ हा सल्ला पाळणे इतके अवघड का जाते?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटले. पण त्याबरोबर त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विचार येईनासा झाला. ते पाकक्रियांची पुस्तके वाचीत बसत आणि स्वप्नेही जेवणाची पाहत. एरवी शांत व समंजस असलेले हे तरुण चिडचिडे झाले.

असे का होते, याचा एक धागा २००२ मध्ये हाती आला. डेव्हिड कमिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी आहार कमी करून १७ टक्के वजन उतरविलेल्या लठ्ठ माणसांचे रक्त तपासले. त्यांच्या रक्तातील ग्रेलिन सुमारे २४ टक्क्यांनी वाढलेले होते. वजन घटू लागले की शरीर त्याला दुष्काळ समजते आणि घंटा अधिक जोराने वाजविते. दिवसरात्र वाजणाऱ्या या घंटेकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणे फार थोड्यांना जमते. लठ्ठ माणसाला ‘खादाड’ किंवा ‘आळशी’ म्हणून मोकळे होण्यापूर्वी हे लक्षात घ्यावयास हवे.

शस्त्रक्रिया काय बदलते?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी पाहिले, की जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढला आहे, त्यांचे वजन उतरते आणि ते सहजी वाढत नाही. त्यावरून त्यांनी १९६६ मध्ये जठराची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. आज प्रचारात असलेल्या तिच्या सुधारित प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर व आतड्याचा आरंभीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. दुसरा प्रकार स्लीव्ह शस्त्रक्रियेचा. स्लीव्ह म्हणजे सदऱ्याची बाही. यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात व बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तीत जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावते. एरवी आपले जठर भरपेट जेवणानंतर लिटर-दीड लिटरपर्यंत ताणते.

पण जागा कमी होणे हा बदलाचा एक भाग झाला. स्लीव्हमध्ये ग्रेलिन तयार करणारा फुगीर भागच निघून जातो, त्यामुळे घंटा मंदावते. दोन्ही प्रकारांत अन्न आतड्याच्या शेवटाकडे लवकर पोहोचते आणि ‘पुरे’चा निरोप मोठ्याने दिला जातो. म्हणूनच या लोकांना पहिले काही महिने भूक अशी फारशी लागतच नाही. अलीकडे लठ्ठपणावर देण्यात येणारी काही इंजेक्शने जीएलपी-१ चीच नक्कल करतात.

चार घासांचा हिशेब

भूक नसली तरी शरीराची गरज संपत नाही. येथूनच आहाराचे खरे शास्त्र सुरू होते. पहिल्या आठवड्यात-दोन आठवड्यांत टाके भरून येईपर्यंत ताक, दूध, डाळीचे गाळलेले पाणी असे पातळ पदार्थ घोटघोट घ्यावयाचे. मग वाटून मऊसर केलेले अन्न, नंतर मऊ खिचडी किंवा उकडलेले अंडे, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. प्रत्येकाचे वेळापत्रक त्याचे डॉक्टर व आहारतज्ज्ञ ठरवितात.

ताटात पहिला मान प्रथिनांचा असतो. वजन झपाट्याने उतरताना मेदाबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकविण्यासाठी रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. आता गणित करा. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. केवळ डाळीतून ६० ग्रॅम मिळवावयाची तर २७० ग्रॅमच्या वर डाळ लागेल आणि तिचे वरण एक किलोच्या पुढे जाईल! एका वेळी जेमतेम वाटीभर मावणाऱ्या जठराला हे कसे झेपावे? म्हणून निरनिराळे पदार्थ जुळवावे लागतात. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, २०० मिलिलिटरच्या दोन पेले दुधातून १३, १०० ग्रॅम पनीरमधून १८, ६० ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणातून १३ आणि वाटीभर दह्यातून ४ ग्रॅम, असे मिळून ६० ग्रॅम होतात. भात, पोळी व भाजी यांचा नंबर त्यानंतर. हे सारे दिवसात पाच-सहा वेळा विभागून घ्यावे लागते. तरीही कमी पडल्यास डॉक्टर प्रथिनांची पूड देतात.

घास लहान घ्यावा, अगदी बारीक चावावा आणि जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. वाट अरुंद असल्याने न चावलेला घास अडकतो, छातीत दुखते आणि उलटी होते. पोळी, मऊ पाव, कोरडा भात हे पदार्थ विशेषतः अडकतात. छातीच्या हाडाखाली दाब जाणवला की तेथेच थांबावे. त्यापुढचा एक घासही जास्त होतो. पाणी जेवताना पीत नाहीत. जेवणाआधी व नंतर अर्धा तास सोडून, दिवसभर घोटघोट करून दीड ते दोन लिटर पितात. जेवताना प्यालेले पाणी अन्नाची जागा अडविते.

गोड खाल्ल्यावर घाम का येतो?

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातले की थोड्याच वेळात पाणी सुटते. परासरणाने काकडीच्या पेशींतील पाणी दाट द्रावणाकडे ओढले जाते. बायपास झालेल्या माणसाने जिलबी किंवा सरबत घेतले, तर असेच काहीसे आतड्यात घडते. एरवी जठराच्या खालच्या टोकाशी असलेली झडप अन्न थोडे थोडे पुढे सोडते. येथे ती झडप वाटेत नसते. दाट साखर एकदम आतड्यात उतरते आणि रक्तातील पाणी आतड्याकडे खेचले जाते. अर्ध्या तासाच्या आत पोट फुगते, छाती धडधडते, घाम व चक्कर येते.

याचा दुसरा अंक एक ते तीन तासांनी होतो. साखर एकदम शोषली गेल्याने इन्शुलिन प्रमाणाबाहेर सुटते आणि रक्तातील साखर नको इतकी उतरते. हातपाय कापू लागतात आणि कडकडून भूक लागते. अशा वेळी पुन्हा भरपूर गोड खाल्ले तर तेच चक्र फिरून सुरू होते. म्हणून मुळात गोड टाळणे आणि जेवणात प्रथिने ठेवणे हा त्यावरील मार्ग.

जन्मभराच्या गोळ्या

ब-१२ जीवनसत्त्व अन्नातून सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते आणि शोषले जाण्यासाठी जठराच्या भिंतीतून पाझरणारे एक खास प्रथिन लागते. शस्त्रक्रियेनंतर दोन्हींचा तुटवडा होतो. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे सुरुवातीला सारे ठीक वाटते. पुढे हातापायांना मुंग्या येतात, स्मृती मंदावते, रक्त कमी होते. मज्जातंतूंची ही हानी कधी कधी भरून येत नाही. शाकाहारी माणसांत तर हे जीवनसत्त्व आधीच कमी असते. बायपासमध्ये लोह व कॅल्शियम शोषणारा आतड्याचा पहिला भागही वगळला जातो. म्हणून ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. सतत उलट्या होत असतील तर ब-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपते. तेव्हा तातडीने डॉक्टरांकडे जावे.

भूक परत येते

सहा महिने ते वर्षाने भूक हळूहळू परतू लागते. शस्त्रक्रिया फसली असे वाटून अनेक जण घाबरतात. पण शरीराने पुन्हा अन्न मागणे स्वाभाविक आहे. त्या वेळी भुकेची पारख करता आली पाहिजे. शरीराची भूक हळूहळू वाढते आणि साध्या वरण-भातानेही भागते. मनाची भूक भजी तळल्याचा वास आला की एकदम उठते आणि तिला भजीच हवी असतात. कधी तहानच भुकेचे सोंग घेते. कंटाळा, काळजी व सवय यांना शस्त्रक्रियेची सुरी पोहोचत नाही. चिवडा, फरसाण, आइस्क्रीम असे पदार्थ तर लहान जठरातूनही भरभर सरकतात; पोट भरल्याचे कळत नाही आणि वजन परत चढते. ठरलेल्या वेळी जेवणे, येता-जाता तोंडात न टाकणे आणि रोज चालणे हाच येथे आधार.

असे असूनही फायदा मोठा आहे. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ पाहणीत बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले. दहा वर्षांनी थोडे परत चढूनही २५ टक्के घट टिकून होती. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले.

विद्यार्थी मित्रांनो, ही शस्त्रक्रिया लठ्ठपणामुळे ज्यांची प्रकृती धोक्यात आहे अशांसाठी, पूर्ण तपासणीनंतरच करतात. वाढत्या वयात बारीक दिसण्यासाठी उपाशी राहणे हे तर धोक्याचेच. मात्र तुमच्या ओळखीत किंवा घरात अशी शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती असू शकेल. लग्नाच्या पंगतीत ती चार घासांवर थांबली, तर ‘एवढेसेच? माझ्यासाठी एक तरी जिलबी घ्या!’ असा आग्रह करू नका. त्या एका जिलबीने तिची सारी दुपार वाईट जाईल.

करून पाहा

१. मोजपात्राने ३०, १५० व १,००० मिलिलिटर पाणी तीन भांड्यांत घेऊन शेजारी ठेवा व तुलना करा.

२. बटाट्याचे सारखे दोन काप घ्या. एक साध्या पाण्यात व एक साखरेच्या दाट पाकात दोन तास ठेवा. दोन्हींच्या ताठरपणात काय फरक पडतो आणि का?

३. आठवडाभर भूक लागेल तेव्हा वेळ लिहून ठेवा. ती हळूहळू आली की एखादा पदार्थ पाहून एकदम आली, तेही नोंदवा. वर्गात सर्वांच्या नोंदी ताडून पाहा.