विस्मरणाची पद्धतशीर नोंद

‘गेल्या आठवड्यात यांच्या बाबतीत लक्षात राहावं असं काय घडलं?’ हा प्रश्न पेशंटला नव्हे, तर त्याच्यासोबत आलेल्या माणसाला विचारतात. तोही पेशंटच्या माघारी. समजा पत्नीनं सांगितलं, ‘रविवारी मुलीकडे जेवायला गेलो होतो,’ तर मुलाखत घेणारा तेवढ्यावर थांबत नाही. किती वाजता पोचलात, आणखी कोण कोण होतं, किती वेळ बसलात, हे सगळं तो लिहून घेतो. मग महिन्याभरातली आणखी एक घटना विचारतो, तीही तितक्याच तपशिलात. नंतर त्या गृहस्थांची पाळी येते. त्यांनी त्याच घटनांबद्दल दिलेली उत्तरं आधीच्या नोंदीशी ताडून पाहिली जातात. पुढे हिशेब: एका डॉलरमध्ये पाच सेंटची नाणी किती? वीसमधून तीन-तीन वजा करत खाली या. मग व्यवहारज्ञान: अनोळखी शहरात उतरलात, तिथल्या एका मित्राला भेटायचंय, तर त्याला कसं शोधाल?

या मुलाखतीतून सहा गोष्टी जोखल्या जातात. स्मरणशक्ती, स्थळकाळाचं भान, निर्णयक्षमता, चारचौघांतला वावर, घरातली कामं व छंद आणि स्वतःची निगा. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे सगळं ठीक, अर्धा म्हणजे शंकेला जागा, तीन म्हणजे तीव्र स्मृतिभ्रंश. ‘क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग’ किंवा सीडीआर नावाची ही मोजपट्टी १९८२मध्ये अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झाली. तिची खरी मेख अशी, की इथं माणसाची तुलना इतरांशी न करता त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या क्षमतेशी केली जाते. निवृत्त प्राध्यापक लेखी चाचणी सहज पार करेल, पण तो पूर्वी बँकेचे व्यवहार बघायचा आणि आता टाळतो, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. म्हणूनच सोबतीचा माणूस हा या संशोधनाचा कणा आहे.

त्याच विद्यापीठात आज ‘नाइट अल्झायमर्स डिसीज रिसर्च सेंटर’ आहे. लेनर्ड बर्ग या मेंदूविकारतज्ज्ञानं १९७९मध्ये तिथं वृद्धांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास सुरू केला, तेव्हा ‘साठी बुद्धी नाठी’ हीच समजूत अमेरिकेतही रूढ होती. म्हातारपण आलं की विसरणं आलंच, त्यात संशोधन कसलं करायचं? पण अमेरिकी सरकारच्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्थेनं १९८४पासून विद्यापीठांमध्ये अल्झायमर संशोधन केंद्रं उभारायला पैसा द्यायला सुरुवात केली आणि वर्षभरात सेंट लुईसचं केंद्र त्यांत सामील झालं. आज देशभरात अशी तीसहून अधिक केंद्रं आहेत.

अशा केंद्राबद्दल सर्वसाधारण कल्पना काय असते? पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ औषध शोधताहेत. प्रत्यक्षात केंद्राच्या मूळ अनुदानातून औषध शोधणं अपेक्षितच नसतं. केंद्र हे कोठार आहे. शेकडो स्वयंसेवकांची वर्षानुवर्षांची नोंद, त्यांचं रक्त, पाठीच्या मण्यांतून काढलेलं पाणी म्हणजे मज्जाद्रव, मेंदूची छायाचित्रं आणि मृत्यूनंतर खुद्द मेंदू, हे सगळं एका शिस्तीत जमवायचं, जपायचं आणि ज्याच्याकडे चांगला प्रश्न आहे त्या संशोधकाच्या हाती द्यायचं, हे त्याचं काम.

त्यासाठी केंद्राचे विभाग पाडलेले असतात. एक विभाग स्वयंसेवकांची वार्षिक तपासणी करतो. दुसरा माहितीचा सांभाळ आणि संख्याशास्त्र बघतो. तिसरा मृत्यूनंतर मेंदूचं विच्छेदन करतो. चौथा रक्त आणि मज्जाद्रव यांतली जैविक चिन्हं मोजतो. पाचवा समाजात जाऊन लोकांना अभ्यासात यायला राजी करतो. नवख्या संशोधकांच्या प्रशिक्षणाची वेगळी सोय असते आणि या सगळ्यांवर प्रशासन असतं.

याचा फायदा समजून घ्यायचा तर एखाद्या तरुण संशोधिकेचा विचार करा. झोप बिघडली की मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं का, असा प्रश्न तिच्या डोक्यात आहे. एकटीनं करायचं तर आधी माणसं शोधा, त्यांच्या चाचण्या करा, स्कॅनचा खर्च उचला, मग दहा वर्षं वाट बघा. तेवढ्यात तिची नोकरीच संपेल. केंद्राकडे गेली तर तिला एक अर्ज भरावा लागतो: प्रश्न काय, किती जणांची माहिती हवी, कोणते नमुने हवेत, नैतिक समितीची मंजुरी आहे का. केंद्राची समिती तो तपासते. मंजूर झाला तर ज्यांची स्मरणशक्ती, जनुकं आणि स्कॅन आधीच नोंदलेले आहेत अशी माणसं तिला मिळतात. नमुना किती मोठा घ्यावा हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ मिळतो. सुरुवातीच्या प्रयोगासाठी छोटं अनुदानही मिळू शकतं, म्हणजे त्यातून हाती आलेल्या निष्कर्षांच्या बळावर तिला पुढे मोठ्या अनुदानाचा अर्ज करता येतो.

समिती सगळ्याच अर्जांना सारख्याच सैल हातानं मंजुरी देत नाही. संगणकावरची माहिती कितीही जणांना दिली तरी संपत नाही, म्हणून ती तुलनेनं सहज मिळते. पण मज्जाद्रवाचा थेंब एकदा वापरला की संपला. उणे ऐंशी अंशांच्या शीतकपाटात ठेवलेल्या त्या इवल्याशा कुप्या एखाद्याच्या पाठीत सुई टोचून मिळवलेल्या असतात आणि त्यातली काही माणसं आता हयातही नसतात. त्यामुळे तिथं प्रश्न कितपत महत्त्वाचा आहे, याची कसून छाननी होते. कोठाराच्या चाव्या सांभाळणं हेदेखील विज्ञानच आहे.

या शिस्तीतून काय हाती लागलं? सेंट लुईसच्या अभ्यासात सुरुवातीपासून धडधाकट वृद्धही होते. त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूचं विच्छेदन झालं तेव्हा दिसलं, की शेवटपर्यंत ज्यांची बुद्धी शाबूत होती त्यांच्याही मेंदूत अल्झायमरची खूण असलेले अमायलॉइडचे थर साचले होते. जोसेफ प्राइस आणि जॉन मॉरिस यांनी १९९९मध्ये मांडलं, की हा आजार लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू होत असावा. पण जिवंत माणसात हे पाहायचं कसं? त्याचं उत्तर दुसऱ्या केंद्राच्या शहरातून आलं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी अमायलॉइडला चिकटणारं किरणोत्सारी संयुग तयार केलं. २००४मध्ये त्याचे माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड दिसू लागलं. दोनच वर्षांत सेंट लुईसच्या संशोधकांनी तेच संयुग आपल्या धडधाकट स्वयंसेवकांवर वापरलं आणि त्यातल्या काहींच्या मेंदूत ते थर जिवंतपणीच दिसले.

त्याच २००६ साली रँडल बेटमन यांच्या गटानं आणखी एक चिकाटीचा प्रयोग केला. स्वयंसेवकाच्या शिरेतून जड कार्बन असलेलं ल्यूसिन हे अमिनो आम्ल सोडायचं आणि पाठीत बारीक नळी ठेवून ३६ तास, दर तासाला, थोडं थोडं पाणी काढायचं. जड कार्बन असलेलं अमायलॉइड किती वेगानं तयार होतं आणि किती वेगानं बाहेर टाकलं जातं, हे त्यातून मोजता आलं. पुढे २०१०मध्ये याच पद्धतीनं दिसलं, की उतारवयातल्या अल्झायमरमध्ये अमायलॉइडची निर्मिती फारशी वाढत नाही. त्याचा निचरा मंदावतो. पाठीत नळी घेऊन दीड दिवस पडून राहणारे ते स्वयंसेवक नसते तर हे कळलंच नसतं.

वॉशिंग्टन विद्यापीठातूनच चालणाऱ्या ‘डायन’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशी कुटुंबं आहेत, ज्यांच्यात एका जनुकातल्या बिघाडामुळे कमी वयातच अल्झायमर होतो. आईला किंवा वडिलांना तो साधारण कोणत्या वयात झाला हे माहीत असल्यानं मुलांमध्ये बदल केव्हा सुरू होतात, हे मोजता येतं. २०१२मध्ये निष्कर्ष आला: मज्जाद्रवातल्या अमायलॉइडची पातळी लक्षणांच्या अपेक्षित वयाच्या सुमारे २५ वर्षं आधीपासून घसरू लागते. उतारवयातल्या अल्झायमरलाही हेच लागू असेल, तर पासष्टीत दिसणारा आजार चाळिशीतच पाऊल टाकून बसलेला असू शकतो.

एका केंद्राची नोंद मात्र पुरत नाही. म्हणून १९९९मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटल शहरात, ‘युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन’मध्ये, राष्ट्रीय समन्वय केंद्र उभं राहिलं. २००५पासून सगळी केंद्रं एकाच नमुन्याचे अर्ज भरतात. तेच प्रश्न, त्याच चाचण्या, तेच गुण. आज या सामाईक साठ्यात पन्नास हजारांहून अधिक माणसांची माहिती आहे. इंडियाना विद्यापीठात रक्त आणि डीएनएचं राष्ट्रीय भांडार आहे. सगळीकडे गुण सारखेच द्यावेत म्हणून सीडीआरची मुलाखत घेणाऱ्यांना चित्रफितींवरून प्रशिक्षण दिलं जातं. याचं महत्त्व किती, ते लेकॅनेमॅब या औषधाच्या चाचणीत दिसलं. १,७९५ जणांवर दीड वर्ष चाललेल्या त्या चाचणीत औषधाचा फायदा मोजला तो सीडीआरच्याच पट्टीवर. सहाही गोष्टींच्या गुणांची बेरीज केली, तर अठरापैकी ०.४५ गुणांचा फरक पडला, म्हणजे घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. २०२३मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. हा फायदा छोटा की मोठा, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण अर्ध्या गुणाहूनही कमी फरक पकडायचा तर मुलाखत घेणाऱ्यांचा हात किती सारखा बसलेला हवा, हे वेगळं सांगायला नको.

या व्यवस्थेला खोटही आहे. केंद्रांतले स्वयंसेवक दीर्घकाळ बहुतांशी गोरे, शिकलेले आणि सुस्थित होते. सेंट लुईसच्या केंद्रानं २०००मध्ये आफ्रिकी अमेरिकी नागरिकांचं सल्लागार मंडळ नेमलं आणि त्यांच्या वस्त्यांतून सहभागी मिळवले. त्यामुळेच २०१९मध्ये एक महत्त्वाची गोष्ट समोर आली: मज्जाद्रवातल्या टाउ या अल्झायमरशी निगडित प्रथिनाची पातळी आफ्रिकी अमेरिकी लोकांत सरासरीनं कमी आढळते. एका गटावरून ठरवलेली सीमारेषा दुसऱ्या गटाला जशीच्या तशी लावली, तर निदान चुकू शकतं.

आपल्यासाठी हाच कळीचा मुद्दा आहे. १९९०च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठातल्या मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अभ्यास केला, तेव्हा प्रचलित चाचणी तिथं चालेना. ‘डोळे मिटा’ हे वाचून तसं करा, असं अक्षरओळख नसलेल्या आजीला कसं सांगणार? ‘मी करते तसं करा’ असा बदल करून हिंदी चाचणी बेतावी लागली. पुढे देशव्यापी ‘लासी-डॅड’ अभ्यासात तीच चाचणी कामी आली आणि अंदाज निघाला, की साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. वार्धक्याविषयीच्या ज्या ‘लासी’ पाहणीतून हा अभ्यास निघाला, तिचं काम मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५पासून मेंदूपेढी आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतं आहे.

म्हणजे सुटे भाग आपल्याकडे आहेत. एकाच नमुन्याचे अर्ज भरणारी विद्यापीठांची साखळी आणि वर्षानुवर्षं न तुटणारा पैसा, एवढं जमलं तर त्यांचं कोठार होईल. तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. घरातलं कोणी पूर्वी सहज करायचं ते टाळू लागलं, तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून न देता मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा आणि सोबत जाताना अलीकडच्या दोन घटना तपशिलासह लिहून न्या. आणि कोणत्याही अभ्यासानं धडधाकट माणसं मागितली, तर आपलं काय काम म्हणून मागे हटू नका. या आजाराबद्दलचं बरंचसं ज्ञान ज्यांना तो झालेलाच नव्हता अशा माणसांनी दिलेलं आहे.