आळंदी : कमी खर्चाची, पर्यावरणस्नेही भटकंती

पुण्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर इंद्रायणीकाठी वसलेल्या आळंदीत संत ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये संजीवन समाधी घेतली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडहून पीएमपीएमएलच्या बस येथे येत असल्याने खासगी वाहनाची गरज पडत नाही. मुक्कामाला धर्मशाळा आणि भक्तनिवास आहेत. समाधी मंदिर, अजानवृक्ष, ज्ञानेश्वर आणि योगी चांगदेव यांच्या भेटीच्या कथेतील भिंत आणि सिद्धबेट ही ठिकाणे पायी पाहता येतात.

कार्तिकी एकादशीची गर्दी टाळून आल्यास निवांतपणा मिळतो. फारसे प्रवासी न वळणारी दोन ठिकाणे जवळच आहेत : भीमा-इंद्रायणी संगमावरचे तुळापूर आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यालगतचा भामचंद्र डोंगर. या डोंगरातील लेण्यांत संत तुकाराम महाराजांनी चिंतन केल्याचे मानले जाते.

कमी खर्चाच्या प्रवासाची सर्वांत जुनी रीत म्हणजे वारी. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर वारकरी पायी चालतात आणि गावोगावच्या अन्नदानावर त्यांचा निर्वाह होतो.

शहरी सांडपाणी आणि कारखान्यांच्या रसायनांमुळे इंद्रायणीवर अनेकदा फेस येतो. म्हणून प्रवाशांनी पाण्याची बाटली व कापडी पिशवी सोबत ठेवावी आणि निर्माल्य, कपडे किंवा साबण नदीत जाऊ देऊ नये.