यंदा काय ऐकले?

दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात आपल्याकडे दोन वाचक भेटले की “यंदा कोणता अंक चांगला निघाला?” हा प्रश्न ठरलेलाच असतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मराठी वाचकाला या प्रश्नाची सवय झाली आहे. एक जण नाव घेतो, दुसरा नाक मुरडतो, तिसरा “अहो, पण त्यातली ती कथा वाचलीत का?” म्हणून दोघांनाही गप्प करतो. संगीताच्या बाबतीत मात्र असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. “यंदाची कोणती ध्वनिमुद्रिका आवडली?” असे कोणी विचारलेच, तर आपण “जुन्या गाण्यांची सर कशाला नाही,” एवढे बोलून सुटका करून घेतो. यंदाचे काही ऐकलेच नाही, हे त्या उत्तराआड झाकून जाते.

इंग्लंड-अमेरिकेत संगीताच्या शौकिनांची एक रीत आहे. साधारण जून महिना आला की सरलेल्या सहा महिन्यांत निघालेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी आपल्या आवडीच्या कोणत्या, हे ते एकमेकांना सांगतात आणि त्यावरून हिरिरीने भांडतात. यादी ‘वर्षातील’ नव्हे, ‘वर्षातील आतापर्यंतची’ असते. ही रीत वरवर पोरखेळासारखी दिसते. पण तिच्यात रसिकतेचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या धाराशिवसारख्या गावाला अधिक लागू पडतो, असे मला वाटते.

प्रथम ‘अल्बम’ या शब्दाकडे पाहू. आरंभीच्या काळी लाखेच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून कित्येक दशके आपल्या गायकांनी ख्याल, ठुमरी, नाट्यपद हे सारे त्या साडेतीन मिनिटांत बसवले. एखादी दीर्घ रचना अनेक तबकड्यांवर भरावी लागे, तेव्हा त्या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधलेल्या पुठ्ठ्यांच्या पुस्तकात ठेवीत. त्या पुस्तकाला अल्बम म्हणत. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ वादनाची, मिनिटाला तेहतीस व एकतृतीयांश फेरे घेणारी तबकडी आली. तिच्या एकेका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे मावू लागली. पुस्तक गेले, नाव उरले. म्हणजे अल्बम हा मुळात सुटी गाणी एकत्र ठेवणारा, त्यांना क्रम देणारा संच होय. पहिल्यानंतर दुसरे का आणि शेवटी तेच का, याचा विचार त्यात केलेला असतो.

मराठी श्रोत्यांना अशा संचाची ओळख तबकडीच्या आधी रेडिओने करून दिली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत, एकूण छप्पन्न गीते. वर्षभर चाललेला हा एक अल्बमच होता. यातले कोणतेही गीत सुटे ऐकले तरी गोड लागते. पण आठवडाभर थांबून पुढचे गीत ऐकणारा श्रोता कथेच्या क्रमाने ऐकत होता. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राज्यांच्या सीमा हलण्याआधीच पुण्याची लहर जेथवर पोचत होती तेथवरच्या मराठी घरांतून एकच गीत एकाच वेळी ऐकले गेले. दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायला कोणाला आमंत्रण द्यावे लागत नसे.

वर्षाची यादी करण्याची सवय आपल्याला लावली ती मात्र रेडिओ सिलोनने. आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावले होते, अशा काळात १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री अमीन सयानी ‘बहनों और भाइयों’ म्हणत आणि गीते पायदानाने चढत-उतरत. वर्षअखेरीला वर्षाची क्रमवारी जाहीर होई. १९५३ च्या क्रमवारीत ‘अनारकली’तले गीत अग्रभागी होते. अमीन सयानी २०२४ साली निवर्तले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी जुन्या वर्षांचे क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवले. या क्रमवारीला आधार दोन गोष्टींचा असे: तबकड्यांची विक्री आणि श्रोतासंघांची मते. गावोगावची मंडळी संघ काढून पत्रे धाडीत. झुमरी तिलैया हे बिहारातले (आता झारखंडातले) गाव तर केवळ फर्माइशींच्या पत्रांनी देशभर प्रसिद्ध झाले!

आता प्रश्न असा, की क्रमवारी आणि आवड ही एकच गोष्ट आहे काय? क्रमवारी मोजते. किती खपल्या, किती पत्रे आली, हे तिला कळते. आज तर मोजणी फारच बारकाईने होते. स्पॉटिफाय ही गाणी पुरविणारी कंपनी २०१९ साली भारतात आली. वर्षअखेरीला ती प्रत्येकाच्या फोनवर त्याचा त्यालाच हिशेब दाखवते: अमुक गाणे तुम्ही इतक्या वेळा ऐकलेत. श्रोतेहो, या हिशेबाला माझी तक्रार नाही. तो खोटाही नसतो. पण घरात लहान मूल असलेल्या बापाच्या हिशेबात बडबडगीत पहिले येते आणि रात्री निजानीज झाल्यावर त्याने एकदाच, डोळे मिटून ऐकलेला मारवा कुठेच दिसत नाही. आपल्याला काय आवडले, हे दुसऱ्याने मोजून सांगावे आणि आपण मान डोलवावी, अशी ही अवस्था आहे. आवड सांगताना ‘का’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर मोजणीतून निघत नाही.

या ‘का’चे मोल किती असू शकते, याचे माझ्या मते सर्वांत मोठे उदाहरण १९७७ सालचे आहे. त्या वर्षी अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला पाठवली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसवली. पृथ्वीवरचे संगीत म्हणून तिच्यावर काय घ्यावे, हे ठरवायला शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्याभोवती एक लहानशी मंडळी जमली. साऱ्या मानवजातीच्या आवडीची यादी आणि जागा अवघ्या दीड तासाची! खपाच्या आकड्यांनी ती ठरवली असती, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. त्यांनी जाणकारांना विचारले. रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाने भारतीय संगीतासाठी गोव्याच्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी सुचवली आणि तिच्यासाठी आग्रह धरला. ती तबकडी बाजारात मिळत नव्हती. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात, एका खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. ‘जात कहाँ हो’ ही सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी आज कोट्यवधी मैलांवर आहे. पहिले यान २०१२ साली तारकांमधल्या अवकाशात शिरले. केसरबाई सप्टेंबर १९७७ मध्ये, दुसऱ्या यानाच्या उड्डाणानंतर थोड्याच दिवसांत, वारल्या. एका माणसाने एका तबकडीविषयी “ही घ्या, आणि का ते सांगतो” असे म्हटले नसते, तर आपल्या संगीताचा तो नमुना तेथे नसता.

हीच गोष्ट पूर्ण अल्बमाची. १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून उलगडतो, अशी तिची योजना आहे. ती तयार करवून घेणारे एच. एम. व्ही. कंपनीतले अधिकारी जी. एन. जोशी म्हणजे मराठी भावगीताच्या आरंभकाळातले नामांकित गायकच. तीत आरंभी अहिरभैरव आहे, कारण पहाट आहे. मधलाच तुकडा उचलून ऐकला तर वादन कळेल; दिवस सरत जाण्याचा अनुभव मिळणार नाही. पुढे १९७४ साली शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला हृदयनाथ मंगेशकर यांनी लतादीदींच्या आवाजात ‘शिवकल्याण राजा’ केली. तिलाही असाच आतला क्रम आहे. आजचा श्रोता फोनवर एक गाणे ऐकतो, आणि ते संपायच्या आत यंत्र पुढचे, भलतेच गाणे पुढे करते. म्हणून ‘आवडते गाणे’ विचारण्यापेक्षा ‘आवडता अल्बम’ विचारण्यात मला अर्थ वाटतो. त्याचे उत्तर द्यायला माणसाला चाळीस मिनिटे एका जागी बसावे लागते.

‘आतापर्यंत’ या शब्दाविषयीही दोन वाक्ये बोलतो. २०१६ साली ज्याने मार्चमध्ये आपली निवड पक्की केली असेल, त्याची एप्रिलात पंचाईत झाली. ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले सूर आणि गावच्या वरातीचा ठेका एकाच गाण्यात. अवघी चार गाणी! अपुऱ्या वर्षाची यादी करणाऱ्याला मत बदलायची मुभा असते आणि ती त्याने वापरावी. बाकी, कंपन्यांचे वर्ष जानेवारीला सुरू होते आणि आपले पाडव्याला, तेव्हा वसंतात कोणी विचारले तर आपण “अहो, आत्ता कुठे वर्ष उजाडले,” म्हणू शकतो, हा एक फायदा आहेच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण यादीची खरी अडचण येथे उभी राहते. कोणतीही यादी मुद्रित झालेल्यातूनच होते. आपल्याकडचे पुष्कळ संगीत मुद्रित झालेलेच नाही, किंवा झाले ते तुकड्यांनी. तुळजापूरच्या आईचा गोंधळ घ्या. संबळ, तुणतुणे आणि दिवटी घेऊन रात्र जागवणारा हा विधी साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसणार कसा? गणापासून आरतीपर्यंत त्यालाही एक क्रम आहे. म्हणजे अल्बमाची व्याख्या लावली तर गोंधळ हाच आपला सर्वांत जुना अल्बम ठरतो. आराधी मंडळींची गाणी, तेरला गोरोबाकाकांच्या चैत्री यात्रेत दिंड्यांतून उठणारे अभंग, यांचेही तेच. ७८ फेऱ्यांच्या काळात मुंबई-कलकत्त्याच्या कंपन्यांना यात व्यापार दिसला नाही. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, लहान कंपन्या निघाल्या आणि देवस्थानांच्या गावी कुंकवाच्या दुकानाशेजारी देवीच्या गाण्यांच्या कॅसेट लागू लागल्या. त्या काळात पुष्कळ लोकगायकांचा आवाज प्रथमच घराघरांत गेला. त्यांतल्या काही कॅसेट भिकार होत्या, हेही कबूल केले पाहिजे. चित्रपटाच्या चालीवर देवीचे नाव बसवले की झाले, असा मामला होता. पण वाईट कोणते आणि अस्सल कोणते, हे ज्यांना कळत होते त्यांनी ते कधी कोणाला सांगितले नाही, आणि कॅसेटच्या फितीला बुरशी लागून दोन्ही सारखीच संपत आली.

मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढली. एकत्र जमायचे, तबकडी वाजवायची, तिच्याविषयी बोलायचे, एवढाच तिचा आरंभीचा व्याप. त्यातून विस्मृतीत गेलेल्या गायकांची माहिती उजेडात आली. आपल्याकडे ग्रामोफोनही दुर्मीळ आणि संग्राहकही. तरी कॅसेट सापडेल, फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. येथे मोठ्या मैफली वारंवार होत नाहीत. पुण्याचा रसिक डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन कान तयार करतो. आपल्याला ती सोय घरबसल्या एकमेकांकडूनच करून घ्यावी लागेल.

त्याला फार खटाटोप नको. महिन्यातून एक संध्याकाळ, दहा-बारा माणसे, वाचनालयाची खोली किंवा कोणाचीही ओसरी. प्रत्येकाने वर्षातली एकच ध्वनिमुद्रिका आणावी. नवी निघालेली असो वा त्याला यंदाच प्रथम भेटलेली असो. आराधी मंडळाचे एखाद्याने फोनवर टिपलेले गाणेही चालेल, मात्र ते त्या मंडळींना विचारून टिपलेले असावे. एक बाजू पूर्ण वाजवावी, मध्ये कोणी बोलू नये. मग आणणाऱ्याने पाच मिनिटांत कारण सांगावे, “काय गळा आहे!” हे कारण धरू नये. इतरांनी हवे ते विचारावे. वही एकाने ठेवावी: तारीख, ध्वनिमुद्रिका, आणणाऱ्याचे नाव आणि त्याचे कारण एका ओळीत. डिसेंबरात तीच वही उघडावी आणि ज्याचे मत बदलले असेल त्याने आपली नोंद खोडावी, पण खालचे अक्षर वाचता येईल अशी.