वखारीतली ऊब आणि पडद्यावरची स्त्री

महिला दिनाच्या निमित्ताने एखादा स्त्रीप्रधान चित्रपट दाखवावा, असा प्रघात आता अनेक वैद्यकीय संघटनांमध्ये रूढ झाला आहे. तो स्वागतार्हच आहे. आपल्या व्यवसायाशी नाते सांगणारे ‘डॉक्टर रखमाबाई’ (२०१६) आणि ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) हे चित्रपट अशा वेळी हमखास सुचतात. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली; पण १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. अशी चरित्रे पाहून ऊर भरून येतो. तथापि उभारी देणारी स्त्री म्हणजे केवळ पहिली पदवीधर किंवा पहिली अधिकारी नव्हे, हेही मराठी चित्रपटाने फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ १९३७ साली आला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातील नीरा ही कोणी विदुषी नाही. वृद्ध विधुराशी फसवून लावून दिलेले लग्न ती मानीत नाही, एवढेच तिचे बंड. ती पळून जात नाही, जीव देत नाही. त्याच घरात राहून ताठ मानेने नकार देते. शांता आपटे यांचा तो करारीपणा आजही ताजा वाटतो. त्या विधुराची समाजकार्य करणारी मुलगी शकुंतला परांजपे यांनी साकारली होती. प्रत्यक्ष आयुष्यातही, ज्या काळी संततिनियमन हा शब्द उच्चारणे अशिष्ट समजले जाई, त्या काळी त्या त्याच्या प्रचारात अग्रभागी होत्या. आपल्या व्यवसायाने त्यांचे ऋण मानावे, अशीच त्यांची कामगिरी आहे.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे जब्बार पटेल यांचा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर बेतलेला ‘उंबरठा’ (१९८२). स्मिता पाटील यांची सुलभा महाजन स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक होण्यासाठी घर सोडून जाते, तेव्हा तिची लहान मुलगी घरीच राहते. चित्रपटाविषयी बोलताना ‘पण त्या मुलीचे काय?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. बालरोगतज्ज्ञ या नात्याने हा प्रश्न मला गैर वाटत नाही. बाळाला जवळचे माणूस हवेच असते. खटकते ते एवढेच, की नोकरीनिमित्त वर्षानुवर्षे दूर राहणाऱ्या बापाविषयी तो सहसा विचारला जात नाही. आणि दुसरे असे, की तो सुखवस्तू घरातील सुलभेला जितक्या तत्परतेने विचारला जातो, तितक्या तत्परतेने कष्टकरी आईविषयी विचारला जात नाही. तिची पोर कोणी सांभाळायची, हा समाजाचा प्रश्न कधी होतच नाही.

ही कष्टकरी आई आपल्या सीमाभागाला चांगली परिचित आहे. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखू म्हणजे वखारी. वाळलेला माल कुटणे, चाळणे, पाखडणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनीच केली. धुळीने कोंदलेल्या जागेत, तोंडाला पदर बांधून, त्या दिवसभर राबत. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीत मांडलेले ठाण आणि ६ एप्रिलचा गोळीबार जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. पण त्याच सुमारास या वखारींतील स्त्रियाही संघटित होत होत्या, हे नव्या पिढीतील फारच थोड्यांना ठाऊक असते. अनिल अवचट यांनी १९७८ मध्येच त्यांच्या आणि विडी कामगारांच्या हलाखीकडे लक्ष वेधले होते. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला आणि अक्षरओळखही नसलेल्या हजारो स्त्रिया मजुरी, कामाचे तास आणि सर्वांत मुख्य म्हणजे वखारीत होणारी अप्रतिष्ठा, यांविषयी उघडपणे बोलू लागल्या.

हे सारे एका लघुपटाने टिपून ठेवले आहे. त्याचे नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. बंगळूरच्या ‘युगांतर’ या स्त्रीवादी चित्रपटगटाने तो १९८२ मध्ये निपाणीतच तयार केला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रणकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर ही मंडळी या गटात होती. पुण्याच्या घरकामगार स्त्रियांवरील ‘मोलकरीण’ (१९८१) हा लघुपटही याच गटाचा. निपाणीत त्यांनी कित्येक महिने कामगार स्त्रियांच्या सहवासात घालविले. काय दाखवायचे, कसे सांगायचे, हे त्यांच्याशी बोलून ठरविले. जेमतेम पंचवीस मिनिटांच्या या कृष्णधवल पटात एकच एक नायिका नाही. वखारीचे अंतरंग, बायकांच्या बैठका, त्यांचे मोर्चे आणि त्यांच्याच तोंडची हकिकत आपण पाहतो, ऐकतो. भाषा आपल्याच भागातली, नऊवारी आपल्याच आयाबायांची. रचून ठेवलेल्या तंबाखूत आतल्या आत ऊब धरते, हे निपाणीकरांना सांगायला नको; ती ऊब माणसांत कशी धरते, हे हा लघुपट दाखवितो.

‘कुंकू’तील नीरा एकटी नकार देते, ‘उंबरठा’तील सुलभाही अखेरीस एकटीच प्रवासाला निघते. निपाणीच्या स्त्रियांचे वेगळेपण असे, की त्यांचा नकार सामुदायिक आहे. एकटीने तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी काम जाणार, हे त्यांना पक्के माहीत होते. म्हणून धीर गोळा करणे हेच त्यांचे पहिले काम ठरले. मला हे दृश्य कोणत्याही विजयी शेवटापेक्षा अधिक उभारी देणारे वाटते.

वैद्यकीय दृष्टीनेही या विषयाकडे पाहिले पाहिजे. निकोटिन वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते, आईच्या दुधातही उतरते. तंबाखूच्या धुळीने खोकला आणि दमा जडतो. आईची दगदग, अपुरा आहार आणि ही धूळ यांचा भार अखेर बाळाच्या वजनावर पडतो. आई कामावर गेली की तान्हे मूल आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर येते आणि त्या बहिणीची शाळा सुटते, हे या भागात बालरोगांची चिकित्सा करणाऱ्या कोणालाही नवीन नाही. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्याने मोठ्या कामाच्या जागी पाळणाघराची तरतूद केली होती. परंतु घरी बसून विड्या वळणाऱ्या आईला अशा तरतुदीचा काय उपयोग? ‘त्या मुलीचे काय?’ हा प्रश्न खरा विचारायचा तो इथे.

याच भागाची आणखी एक वेदना ‘जोगवा’ (२००९) या राजीव पाटील यांच्या चित्रपटाने मांडली. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरील या चित्रपटात मुक्ता बर्वे यांची सुली लादलेले जोगतीणपण झुगारते. देवदासी म्हणून मुली सोडण्यास बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदाही १९८२ चाच. कायदा, ‘उंबरठा’ आणि निपाणीचा लघुपट यांचे वर्ष एकच असावे, हा योगायोग बोलका आहे.

‘युगांतर’चे लघुपट बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने डिजिटल स्वरूपात पुन्हा सिद्ध केले असून देशोदेशी ते पाहिले गेले. ज्या गावात तो घडला, त्या गावात मात्र तो घरोघरी ठाऊक असायला हवा. पुढील महिला दिनी आपल्या संघटनेने निपाणीत आणि बेळगावात तो दाखवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. पुढच्या रांगा विडी व वखार कामगार भगिनींसाठी राखून ठेवाव्यात, नंतरची चर्चा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत व्हावी, आणि त्याच दिवशी त्यांच्या मुलाबाळांची तपासणीही करावी. पंचवीस मिनिटे आपण त्यांचे ऐकू. मग मुलांना कोण सांभाळणार, याविषयी त्यांच्याशी बोलण्याचा आपला अधिकारही थोडा वाढेल.