पोलीस ठाणे आणि गावची शाळा

लहान मूल हट्टास पेटले की ‘थांब, पोलिसाच्या ताब्यात देते’ असा धाक घालण्याची रीत घरोघरी अद्याप चालू आहे. ज्याच्याकडे संकटात धाव घ्यावयाची त्याचेच नाव भयाचे झाले, की वाट चुकलेले वा कोणाच्या छळाने गांजलेले मूल खाकी वेष पाहताच मागे फिरते. हे भय घालविण्याचे काम पोलिसांइतकेच शिक्षकांचेही आहे.

वसई तालुक्यातील शिक्षकांनी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि येथील जिल्हा परिषद शाळांचा कारभार पालघरहून चालतो. पोलीस ठाणी मात्र १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे आहेत. सदानंद दाते हे त्याचे पहिले आयुक्त. मुख्य कार्यालय मिरा रोडला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. उर्वरित पालघर जिल्ह्याचे पोलीस पूर्ववत अधीक्षकांच्या हाताखाली आहेत. मांडवी वा पेल्हार ठाण्याच्या हद्दीतील शाळेने म्हणूनच पालघरच्या अधीक्षकांकडे अर्ज धाडून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

२ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी महाराष्ट्र पोलीस दलास ध्वज प्रदान केला. त्या स्मरणार्थ दरवर्षी २ जानेवारीपासून सप्ताह पाळला जातो व विद्यार्थ्यांना ठाणे दाखविण्यात येते. मुले बंदुकांभोवती गर्दी करतात. ते स्वाभाविकच होय. परंतु तक्रार जेथे लिहून घेतात ते टेबल आणि ती लिहून घेणारी महिला कर्मचारी मुलांना दाखविल्यावाचून ही भेट पुरी झाली असे समजू नये. केरळात २०१० साली सुरू झालेली व जुलै २०१८ मध्ये देशभर नेण्यात आलेली विद्यार्थी पोलीस छात्र योजना इयत्ता आठवी-नववीसाठी आहे. बहुसंख्य प्राथमिक शाळांना तिचा लाभ नाही. त्यांच्यापाशी ही भेटच काय ती आहे.

यापुढील भाग अधिक गंभीर आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ अन्वये असा अपराध ज्यास कळला, त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालील माणसाचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत. चौकशी करणे, पुरावा जमविणे, मुलीस पुन्हापुन्हा बोलते करणे ही शिक्षकाची कामे नव्हेत. गावात चार माणसे बसवून प्रकरण मिटविणे तर नव्हेच नव्हे. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर कायदा कोणतेही दायित्व टाकत नाही. ठाण्याने खबर लिहून घेऊन ती वाचून दाखवावी, बालकल्याण समितीस चोवीस तासांत कळवावे, असा नियम आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावयाचा, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, आणि रात्री मुलास ठाण्यात ठेवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, असे बाल न्याय अधिनियम, २०१५ सांगतो. त्याचे नाव मुख्याध्यापकाने आधीच विचारून ठेवलेले बरे; प्रसंग आल्यावर ते शोधणे जड जाते.

हद्दीचा प्रश्न वसईच्या पूर्व भागात विशेष येतो. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. अशा मुलाबाबत घटना एका ठाण्याच्या हद्दीत घडते आणि ती उघड होते दुसऱ्याच गावच्या शाळेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र अपराधाची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘हे आमच्याकडचे नव्हे’ असे म्हणून ती परतविता येत नाही.

पोलिसांसाठी ११२ व बालकांसाठी १०९८ हे विनाशुल्क क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावेत आणि पालकसभेतही सांगावेत. भट्टीवरील आईबापांच्या हाती फोन असतो, पण तो कोणास लावावा हे अनेकांस ठाऊक नसते.