चर्चची एक खोली, आठवड्यातला एक तास
लेखमाला : दारू सोडताना – भाग 7

मागच्या भागात आपण रुग्णालयातले पहिले दिवस पाहिले. दारू अंगातून उतरते, हातांची थरथर थांबते, झोप लागू लागते आणि माणूस घरी परततो. घर, गल्ली, जुने सोबती, पगाराचा दिवस हे सगळं मात्र जिथल्या तिथं असतं. कठीण काळ इथून पुढचा. तो काढायला गोळ्यांपेक्षा माणसं जास्त लागतात. ही माणसं कुठं मिळतात, याचं एक उत्तर जगभर चर्चच्या आवारात सापडलं आहे. ते रायपुरात कसं लागू पडेल, हे आज पाहू.

रायपूर निवडण्याला कारण आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. 10 ते 75 वयोगटात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण देशात 14.6 टक्के निघालं आणि छत्तीसगडात 35.6 टक्के. सगळ्या राज्यांत ते सर्वांत जास्त होतं. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि मला तो अधिक अस्वस्थ करतो : दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळालेला असतो. उरलेले 37 जण काय करतात? कुणी देवळात शपथ घेतं, कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी कुणाच्या तरी सांगण्यावरून रविवारी चर्चमध्ये जाऊन बसतं.

रायपूरच्या मराठी माणसाला, तो तात्यापाऱ्यातला असो की चौबे कॉलनीतला, सिव्हिल लाइन्समधलं सेंट पॉल्स कॅथेड्रल आणि जयस्तंभ चौकाजवळचं गास मेमोरियल रोजच्या वाटेवरचं. या परिसरातल्या ख्रिस्ती कामाची सुरुवात ऑस्कर लोर या मिशनऱ्यापासून झाली. रांचीकडे काम करत असताना 1857 च्या धामधुमीत तो तिथून निघाला, अमेरिकेत गेला आणि 1868 मध्ये परत येऊन त्याने रायपूर–बिलासपूरच्या मधल्या भागात विश्रामपूर वसवलं. तो ज्या सतनामी समाजात गेला, त्या समाजाला गुरू घासीदासांनी कितीतरी आधीच दारू, मांस आणि तंबाखू वर्ज्य सांगितली होती. श्रद्धेच्या बळावर दारू सोडायची, हा विचार छत्तीसगडात बाहेरून आलेला नाही, हे इथं मुद्दाम नोंदवायला हवं.

लोरचं मिशन 1884 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जर्मन इव्हँजेलिकल सिनॉड या चर्चने हाती घेतलं. याच सिनॉडमध्ये पुढे राइनहोल्ड नीबुर हा पाळक आणि धर्मचिंतक घडला. दारू सोडणाऱ्यांनी स्वतःच चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, सभांमध्ये जगभर म्हटली जाणारी, मन स्थिर ठेवण्याचं बळ मागणारी छोटी प्रार्थना त्याचीच मानली जाते. रायपूरचं जुनं मिशन आणि एएच्या सभांमधली ही प्रार्थना अशी एकाच चर्चच्या घराण्यातली.

एएची सुरुवात 1935 ची, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातली. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही अट्टल दारुडे. दोघांचा ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीशी संबंध आला होता. आपल्या चुकांचा हिशेब मांडणं, तो दुसऱ्या माणसापुढे उघड करणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं, मग दुसऱ्याला मदत करणं, हा क्रम तिथून आला आणि एएच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात उतरला. पण काही वर्षांत एए त्या चळवळीपासून वेगळं झालं. देव कोणता, हे प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावं, अशी मोकळीक त्यांनी पायऱ्यांमध्येच लिहून ठेवली. ही मोकळीक नसती तर एए भारतात रुजलं नसतं, असं मला वाटतं.

आपल्याकडचं मोठं उदाहरण मुंबईचं. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 1981 मध्ये फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः दारूच्या आहारी गेलेले धर्मगुरू होते, एएमुळे सावरले, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. बी. के. एस. अय्यंगारांकडे ते योग शिकले आणि बारा पायऱ्यांच्या जोडीला त्यांनी आसनं आणि प्राणायाम आणला. कृपामध्ये सगळ्या धर्मांची माणसं आली. परेरांना 2009 मध्ये पद्मश्री मिळाली. चर्चने जागा दिली आणि धर्मगुरूने आपलं आयुष्य दिलं. दार सर्वांसाठी उघडं राहिलं.

आता स्थानिक चर्चमध्ये काय चालतं आणि काय चालावं, याकडे येऊ. आपल्याकडच्या प्रार्थनासभांमध्ये साक्ष द्यायची पद्धत आहे. हिंदीत तिला गवाही म्हणतात. मी अमुक वर्षं पीत होतो, प्रभूने मला सोडवलं, असं माणूस सगळ्यांसमोर उभं राहून सांगतो. ऐकणाऱ्याला धीर येतो, हे खरं. पण साक्षीचा शेवट नेहमी विजयाचा असावा लागतो. दारू ही पुन्हापुन्हा परतणारी गोष्ट आहे. साक्ष दिलेला माणूस चार महिन्यांनी घसरला तर तो कुठल्या तोंडाने परत येणार? तो येतच नाही. मंडळीला वाटतं, याचा विश्वास कमी पडला. त्यालाही तसंच वाटतं आणि तो आणखी पितो.

एएची बंद खोलीतली सभा इथं वेगळी ठरते. तासाभराची बैठक, फक्त पहिलं नाव, फी नाही, बोललेलं बाहेर जात नाही. ‘काल घेतली’ असंही तिथं म्हणता येतं आणि त्यावर कुणी उपदेश करत नाही. संकल्प फक्त आजच्या दिवसापुरता. चर्चला खरोखर मदत करायची असेल तर व्यासपीठाआधी अशी एक खोली द्यावी. ठरलेला वार, ठरलेली वेळ, पावसातही उघडं असणारं दार. पाळकाने तिथं हजर असलंच पाहिजे असंही नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप, प्रचंड अस्वस्थता. यात माणूस दगावू शकतो. अनेक ठिकाणी व्यसनी माणसाला नेमकी तीन दिवसांची उपवास-प्रार्थना करायला सांगतात. धोक्याचा काळही तोच. त्यात दारुड्याच्या शरीरात थायमिन हे जीवनसत्त्व आधीच कमी असतं. उपवासाने ते आणखी घटतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधी डॉक्टर. रायपुरात एम्स आहे, आंबेडकर रुग्णालय म्हणजे लोकांचं मेकाहारा आहे. प्रार्थना रुग्णालयातल्या खाटेशेजारीही करता येते. भुताखेताचं नाव सांगून झटके आलेल्या माणसाला खोलीत कोंडणं हा गुन्हा मानला पाहिजे.

तिसरा प्रश्न संशयाचा. जुन्या मध्य प्रदेशाने 1956 मध्ये नेमका हाच वाद मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीच्या अहवालात वाचला होता : मिशनची सेवा निखळ, की धर्मांतराची वाट? त्यानंतर 1968 मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला, आणि 2000 साली नवं राज्य झालं तेव्हा तो छत्तीसगडकडे आला. बळ, फसवणूक आणि प्रलोभन यांनी केलेलं धर्मांतर त्यात गुन्हा ठरवलं होतं. गेल्या काही वर्षांत रायपूर आणि बस्तर भागात ख्रिस्ती लोकांवर हल्लेही झाले. संशय घेऊन पाळकाला मारहाण करणं निंद्यच आहे. पण चर्चनेही आपल्या बाजूची रेघ स्वच्छ ठेवावी. दारू सुटावी म्हणून आलेला माणूस अत्यंत दुबळ्या अवस्थेत असतो. त्या अवस्थेत त्याच्याकडून बाप्तिस्म्याचा होकार घेणं कायद्याला धरून असलं तरी सभ्यतेला धरून नाही. त्याची साक्ष मोबाइलवर चित्रित करून फिरवणं तर त्याहून वाईट.

एक छोटी बाब बरेच जण विसरतात. प्रभुभोजनाच्या विधीत मिळणारी घोटभर वाइनसुद्धा सावरणाऱ्या माणसाला पुन्हा घसरवू शकते. अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 मध्ये न आंबणारा द्राक्षरस तयार केला तो चर्चसाठीच, आणि आज अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या तोच वापरतात. कॅथलिक चर्चमध्ये नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण मानतात. पाळकाने हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे त्या माणसाला सगळ्यांदेखत नकार द्यावा लागत नाही.

घरच्यांसाठीही वेगळी बैठक हवी. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने 1951 मध्ये अल-अ‍ॅनॉन उभं केलं, कारण बायका-मुलं त्याच आजारात होरपळत असतात. चर्चचा महिला संघ हे काम उद्यापासून करू शकतो.

तुमच्या घरात कुणाला मदत हवी असेल तर केंद्र सरकारची 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन विनामूल्य आहे. आणि तुम्ही एखाद्या चर्चच्या, देवळाच्या किंवा मंडळाच्या कार्यकारिणीत असाल, तर येत्या बैठकीत एवढाच विषय मांडा : आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली, कुठलीही अट न घालता.