नव्या शैक्षणिक सल्लागाराने स्वतःची वाढ कशी मोजावी?

बारावी पास झालेला मुलगा कॉलेजच्या आवारात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या हाती माहितीपुस्तिका असते, पण ती समजावून सांगणारे घरात कोणी नसते. आम्ही बी.कॉम.ला गेलो तेव्हा आमचीही हीच गत होती. रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलाचा फॉर्म बघून आम्ही विषय निवडले!

आज हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे विषय आणि त्यांचे क्रेडिट, असा सारा हिशेब विद्यार्थ्यालाच मांडावा लागतो. अशा वेळी ज्या तरुण प्राध्यापकाकडे शैक्षणिक सल्लागाराचे काम येते, त्याने स्वतःपुढे कोणती उद्दिष्टे ठेवावीत?

अमेरिकेत हा एक स्वतंत्र पेशा आहे. १९७९ साली स्थापन झालेल्या तेथील 'नॅकाडा' या सल्लागारांच्या संघटनेने २०१७ मध्ये या कामाची तीन अंगे मांडली: कामामागचा विचार, माहिती आणि माणसांशी नाते. आपल्याकडेही ती उपयोगी पडावीत.

प्रथम माहिती. पहिल्या सत्रातच नियम तोंडपाठ हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. पण त्यासाठी ४० क्रेडिट आणि त्याशिवाय ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. याच्या जोडीला महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना माहीत हवी. आम्ही कारकून माणसे, म्हणून सांगतो. फॉर्म भरण्याच्या दिवसांत सल्लागाराने एक दिवस ऑफिसच्या खिडकीशी बसावे. कोणत्या कागदावाचून अर्ज अडतो, हे तेथे जितके कळते तितके परिपत्रकातून कळत नाही.

दुसरे अंग नात्याचे. "सर, हा विषय जमत नाही," असे मुलगी म्हणते तेव्हा कधी अडचण विषयाची नसते, एस.टी.च्या वेळेची असते, फीची असते किंवा घरी चाललेल्या लग्नाच्या बोलण्याची असते. सल्लागाराने आधी ऐकावे. निर्णय तिचा, वाट दाखवणे आपले. वर्गातल्या प्रत्येकाशी सत्रातून एकदा तरी एकट्याने बोलायचे, एवढे उद्दिष्ट पुष्कळ झाले.

तिसरे अंग विचाराचे, आणि तेच सर्वांत मोलाचे. मध्येच बाहेर पडण्याची सोय कोणासाठी आहे? ज्याच्या घरी चूल पेटायची भ्रांत, तोच आधी बाहेर पडणार. उद्या हे प्रमाणपत्र म्हणजे गळतीचे गोंडस नाव ठरू नये! म्हणून सल्लागाराने एक वही घालावी. कोण गेला, का गेला, परत यायची मुदत कधी संपते, हे तिच्यात लिहावे आणि मुदतीआधी त्याच्या घरी निरोप धाडावा.

कार्यशाळा कराव्यात, प्रशिक्षण घ्यावे, बढतीही मिळवावी. पण वर्षअखेरीस खरा हिशेब त्या वहीतच पाहावा. निरोप गेल्यावर जितकी मुले पुन्हा वर्गात येऊन बसली, तितकीच आपली वाढ झाली असे समजावे.